गोताची पंगत

मोडी वाचायला शिकले त्याला आता तीस वर्षं होत आली. पहिल्याच महिन्यात एका शब्दानं मला अडवलं. जमाखर्चाचा कागद होता आणि जमेच्या बाजूला, रुपयांच्या आकड्याआधी लिहिलेलं होतं, ‘गुन्हेगारी’. वाटलं, माझंच वाचन चुकलं. गुन्हेगारी जमेला कशी येईल? शिकवणारे वयस्क गृहस्थ म्हणाले, “बाई, तुम्ही बरोबर वाचलंत. मराठेशाहीत गुन्हेगारी म्हणजे दंडाची रक्कम.” तंट्यात हरलेल्यानं सरकारात भरायची ती गुन्हेगारी आणि निवाडा आपल्या बाजूनं झाला म्हणून जिंकलेल्यानं द्यायची ती हरकी. गुन्हेगारी भरली की त्या नावापुढचा हिशेब मिटला.

आज वर्तमानपत्रात ‘गुन्हेगारी पार्श्वभूमीचा’ असं वाचते तेव्हा तो कागद आठवतो. जो शब्द माणसाच्या कनवटीतून निघून दप्तरात जमा होत होता, तो आता माणसाच्या पाठीला चिकटला आहे. हे कधी झालं, कसं झालं, याचा शोध मी जुन्या कागदांत घेत आले. कारण अभ्यासाचं नाही, घरातलं आहे.

माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. बांधावरून भांडण झालं, हातात कुऱ्हाड होती, समोरचा माणूस गेला. तात्यांना जन्मठेप झाली. ते सुटून आले तेव्हा मी दहा वर्षांची होते. डोक्यावर पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, एस्टीतून उतरून सरळ विहिरीवर गेले आणि कपड्यांसकट अंगावर पाणी ओतून घेत राहिले. घरात कुणी त्यांना वाईट बोललं नाही. पण खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला भावकीची पंगत बसली तेव्हा त्यांचं पान वाढलं नाही. “तात्या मागनं जेवतील,” एवढंच कुणीतरी बोललं. ते मागनंच जेवले, त्या वर्षी आणि पुढेही. कायद्यानं दिलेली सगळी वर्षं त्यांनी भरली होती, एकही दिवस बाकी नव्हता. पण ती भरल्याची पावती गावात कुणी वाचायला तयार नव्हतं.

जुन्या कागदांत मला नेमकी ही पावती सापडत गेली.

याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन भाग आहेत. आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. अकराव्या शतकाच्या अखेरीस, चालुक्यांच्या कल्याणीत बसून विज्ञानेश्वरानं तिच्यावर मिताक्षरा लिहिली आणि पुढची कितीतरी शतकं आपल्याकडचे पंडित तिचाच आधार घेत राहिले. व्यवहार म्हणजे राजाचं न्यायासन, साक्षी, पुरावा, दंड. प्रायश्चित्ताचं प्रकरण वेगळं. चोरी केली तर राजा दंड करील, तो धन्याच्या आणि राज्याच्या हिशेबाचा. करणाऱ्याच्या आत जे बिघडलं आणि त्याच्यामुळे त्याच्या पंक्तीला जे लागलं, ते धुवायचं काम दुसऱ्या प्रकरणाचं. मनुस्मृती तर म्हणते की राजानं ज्याला शिक्षा केली तो पापमुक्त होतो आणि पुण्यवंतासारखा स्वर्गाला जातो. म्हणजे शिक्षा भोगून आलेला माणूस त्या विचारानं आपल्याइतकाच स्वच्छ. मनूची पुष्कळ वचनं आपल्या समाजानं घट्ट धरून ठेवली, नको तितकी घट्ट. हे एक वचन मात्र माझ्या गावापर्यंत कधी पोचलं नाही.

शिवकाळात आणि पेशवाईत या दोन्ही वाटा शेजारीशेजारी चालत होत्या. तंटा गोतसभेपुढे, म्हणजे भाऊबंद आणि गावकऱ्यांच्या सभेपुढे आला की अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे फिर्यादी आणि प्रतिवादी, आपापली तकरीर लिहून देत. सभेचा निवाडा मानू असा राजीनामा देत, जामीन देत. राजीनामा या शब्दाचा तेव्हाचा अर्थ राजी असल्याचा कागद. साक्षीपुराव्यानं भागलं नाही तर दिव्य. उकळत्या तेलातला धातूचा तुकडा हातानं काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी उघडून पाहायचं. हे वाचताना आजही माझा हात आखडतो. त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देणार नाही. पण निवाडा झाल्यावर काय व्हायचं, ते वाचण्यासारखं आहे.

दोषी माणसाला दंड झाला, तो त्यानं भरला. मग पंडितांची सभा त्याला प्रायश्चित्त सांगायची. क्षौर, स्नान, पंचगव्य, उपवास, होम. बारा दिवसांचं प्राजापत्य कृच्छ्र जमत नसेल तर त्याऐवजी गायीचं दान, गाय नसेल तर तिच्या मोलाचा निष्क्रय. हे झालं की शुद्धिपत्र. आणि शुद्धिपत्रानंही काम पुरं होत नसे. शेवटी गोत बसायचं. ज्यांनी त्याला वाळीत टाकलं होतं तेच लोक एका ओळीत बसायचे, मध्ये तो बसायचा आणि जेवण व्हायचं. त्या जेवणानंतर जुनी गोष्ट काढणाराच दोषी ठरे. दंड सरकारानं घेतला, पाप धर्मानं धुतलं, पण माणूस परत आला तो पंगतीत.

बजाजी निंबाळकरांची गोष्ट बखरींतून येते. आदिलशाहीत धर्मांतर करावं लागलेले बजाजी परत स्वधर्मात आले. प्रायश्चित्त झालं तरी लोक कुजबुजणारच. तेव्हा शिवाजी महाराजांनी आपली मुलगी सखुबाई बजाजींच्या मुलाला, महादजीला दिली. पंगतीचं याहून मोठं पान कुणी वाढलं असेल असं मला वाटत नाही. १६७६ मध्ये तसेच धर्मांतर झालेले नेताजी पालकर परत आले, तेव्हा त्यांनाही शुद्ध करून घेतलं. धर्मांतर हा काही आजच्या अर्थानं गुन्हा नव्हे. परंतु परत कसं घ्यायचं, याची रीत तीच होती.

या रीतीची सगळ्यात कठीण परीक्षा ३० ऑगस्ट १७७३ या दिवसानंतर झाली. शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारलं. चुलते रघुनाथराव पेशवे झाले. त्यांचाच हात या खुनात असल्याचं रामशास्त्री प्रभुण्यांच्या तपासात दिसलं आणि शास्त्र्यांनी देहांत प्रायश्चित्त सांगितलं. शाळेत ही गोष्ट आपण शौर्याची म्हणून शिकतो. मला तिच्यातला शब्द महत्त्वाचा वाटतो. शास्त्रीबोवांनी देहदंड म्हटलं नाही, प्रायश्चित्त म्हटलं. दंड देणारा राजा असतो, आणि इथं राजाच दोषी होता. त्याला दंड कोण करणार? म्हणून त्यांनी राजाच्या हाती नसलेल्या प्रकरणातला शब्द उचलला. प्रायश्चित्त लादता येत नाही, ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. रघुनाथरावांनी ते घेतलं नाही. शास्त्रीबोवा पुणं सोडून वाईजवळच्या गावी निघून गेले, आणि बारभाईंचा कारभार बसल्यावरच परत आले. त्या वेळेपुरतं तरी धर्माच्या शब्दानं सत्तेच्या तोंडावर सत्य सांगितलं, सत्तेला हलवण्याचं बळ मात्र त्याच्याजवळ नव्हतं.

उलट दिशेचीही उदाहरणं आहेत, ती झाकून ठेवणं मला जमणार नाही. परंपरा सांगते की संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीच्या ब्रह्मवृंदानं देहांत प्रायश्चित्त सांगितलं. पतिपत्नीनं देह ठेवले. मुलं तरी सुटली का? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता यांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. आईबापांनी प्राण मोजले तरी पंगत उघडली नाही. पेशवाईत व्यभिचाराचा आरोप आलेल्या कितीतरी बायकांना प्रायश्चित्त मिळालंच नाही, त्यांना कुणबीण, म्हणजे दासी करून सरकारी कोठीत, किल्ल्यांवर राबवलं गेलं. ब्राह्मणाला सहसा देहान्त शासन होत नसे. गायीचा निष्क्रय ज्याला देता येई त्याचं पाप लवकर धुतलं जाई. आणि ज्यांना पंगतीत कधी घेतलंच नव्हतं, त्यांना पंगतीत परत कसं घेणार? आमच्या आटपाडीचे शंकरराव खरात यांचं ‘तराळ-अंतराळ’ वाचताना हा प्रश्न मला पहिल्यांदा लख्ख दिसला. गावकीची, पोलिसांची सगळी ओझी महारवाड्यानं वाहायची आणि जेवण्याची ओळ मात्र दुसरीकडे. त्यांचा दोष त्यांच्या करणीतला नव्हता, म्हणून त्यावर प्रायश्चित्तही नव्हतं.

वारकरी संतांनी या व्यवस्थेला बगल दिली. नामानंच पाप जळतं, असं म्हटलं की पंडितांची सभा, निष्क्रय, शुद्धिपत्र सगळंच गळून पडतं. कीर्तनांत अजामिळ, पिंगळा, वाल्या कोळी पुन्हापुन्हा येतात ते उगीच नव्हे. मी लहानपणी ऐकलेल्या वाल्याच्या गोष्टीत एक जागा आहे, तिथं कीर्तनकार नेहमी थांबतात. नारद वाल्याला म्हणतो, ज्यांच्यासाठी तू लुटतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का, विचारून ये. वाल्या घरी जातो. बायको नाही म्हणते, मुलं नाही म्हणतात. ही जागा लक्षात ठेवावी, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

इंग्रजी अमलात दंड आणि प्रायश्चित्त या दोन वाटा एकमेकींपासून तुटल्या. १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचं रेग्युलेशन आलं, १८६२ पासून भारतीय दंडविधान लागू झालं. गुन्हा हा आता जातीच्या, गोताच्या, शास्त्र्यांच्या हातून निघून न्यायाधीशाच्या हाती गेला. त्यात फार मोठा न्याय होता. एकाच खुनाला ब्राह्मणाला एक आणि कुणब्याला दुसरी शिक्षा, हे कागदावर तरी संपलं. दिव्य संपलं. पण प्रायश्चित्त जातीच्या हाती उरलं ते बारीकसारीक गोष्टींपुरतं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार आला, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं आणि दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेनं जावं लागलं. खुनाचं प्रायश्चित्त कुणी विचारत नव्हतं आणि चहाच्या पेल्याचं विचारत होते. व्यवहार आणि प्रायश्चित्त अशी फारकत झाल्यावर एकाकडे फक्त तुरुंग राहिला, दुसऱ्याकडे फक्त सोवळं.

त्याच इंग्रजी अमलानं दुसऱ्या बाजूनं एक भयंकर गोष्ट केली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. आमच्या शेजारच्या सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, तिथं रोज हजेरी लागायची. काहीही न केलेल्या पोराच्या नावापुढे गुन्हेगारी लागली. माझ्या मोडी कागदातला शब्द पैशांतून माणसात कुठे शिरला, असं कुणी विचारलं तर मी त्या कुंपणाकडे बोट दाखवीन. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावं लागलं.

आता आटपाडी. हे माझं आजोळ. आज सांगली जिल्ह्यात आहे, पूर्वी औंध संस्थानात होतं. औंध म्हणजे चार ठिकाणी विखुरलेलं ७२ गावांचं संस्थान. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्कारांचे कट्टे पुरस्कर्ते, स्वतः चित्रकार, आणि हातात चिपळ्या घेऊन उभे राहणारे कीर्तनकार. त्यांनी जानेवारी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या पंचायतींकडे सोपवली, गांधीजींच्या सल्ल्यानं. या कामात राजपुत्र अप्पासाहेब पंतांच्या जोडीला होता मॉरिस फ्रीडमन. वॉर्सात जन्मलेला पोलिश ज्यू, विजेचा इंजिनिअर, बंगळूरचा सरकारी कारखाना चालवायला आला आणि भगवी वस्त्रं घालून भारतानंद झाला. धनुष तकली त्यानंच केली. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी बोलणी इंग्रजीत आणणारा तोच.

फ्रीडमननं राजेसाहेबांपुढे मांडलेली कल्पना साधी होती. भिंत आणि बेड्या काढून घ्या, माणसांना माळरान द्या, कसू द्या. १९३९ मध्ये आटपाडीपासून दोनतीन किलोमीटरवर कैद्यांची वसाहत उभी राहिली, आणि तिचं नाव स्वतंत्रपूर. आमच्या भागात पाऊस रुसलेला असतो, त्या माळावर काही उगवेल असं कुणी म्हटलं नसतं. स्वतंत्र भारतात खुल्या तुरुंगाचा पहिला प्रयोग म्हणून उत्तर प्रदेशातल्या १९५२ च्या संपूर्णानंद शिबिराचं नाव घेतात. स्वतंत्रपूर त्याच्या आधी तेरा वर्षं होतं. माडगुळ्याचे गदिमा याच मातीतले, औंधच्या शाळेत शिकलेले. त्यांनी या वसाहतीवरून लिहिलेल्या कथेवर व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि सगळ्या जगानं सहा कैद्यांचा जेलर आदिनाथ पाहिला. सिनेमा थोर आहे. पण तो जेलरच्या डोळ्यांची गोष्ट सांगतो. मला या वसाहतीची आठवण आहे ती एका टोपलीची.

माझी आजी बाजारच्या दिवशी मला घेऊन जायची. वांगी, मेथी, हिरव्या मिरच्या घेऊन एक बाई बसायची, तिच्याकडून आजी हटकून घ्यायची. इतर बायका पुढे जायच्या. मी विचारलं, “आजी, हिच्याकडनंच का?” आजी म्हणाली, “ती स्वतंत्रपूरची हाय. तिचा नवरा हितं हाय, म्हणून ती हितं हाय.” मला कळलं नाही. बाई तुरुंगात नव्हती, तिनं काही केलं नव्हतं. तरी ती गाव सोडून, लेकरं घेऊन, नवऱ्याच्या शिक्षेच्या ठिकाणी राहायला आली होती. स्वतंत्रपुरात आजही असंच आहे. तुरुंग विभागाची ही वसाहत, २८ कैद्यांपुरती, आणि निवडलेले कैदी इथं बायकामुलांसकट राहतात, शेती करतात. मुलं शाळेत जातात. जन्मठेपेच्या माणसाचं पोर अंगणात पाटी पुसत बसलेलं मी पाहिलं आहे.

वाल्याच्या बायकोनं ज्याला नाही म्हटलं, त्याला त्या बाईनं हो म्हटलं होतं. राजेसाहेबांनी किती कीर्तनांत ती गोष्ट सांगितली असेल कुणास ठाऊक. पण त्यांच्या संस्थानात वाटेकऱ्यांसाठी जागा झाली, हे खरं. स्वतंत्रपुरात पंडित नव्हते, शुद्धिपत्र नव्हतं, होम नव्हता. संस्थान कायद्यानं चालत होतं. परंतु व्यवहार आणि प्रायश्चित्त ही तुटलेली दोन प्रकरणं मला तिथं परत एका जागी दिसतात. शिक्षा चालू असतानाच माणूस माणसांत आहे. सुटायच्या दिवशी त्याला घरी परतायचं नाही, कारण घर त्याच्याबरोबर आलेलं आहे. शिवाय तिथं जात पाहून जागा दिली जात नाही. जुन्या गोतपंगतीला जे कधी साधलं नाही, ते त्या माळानं साधलं.

तुरुंगाच्या भाषेत एक शब्द आहे, ‘माफी’. चांगल्या वागणुकीबद्दल, कामाबद्दल शिक्षेतले जे दिवस कमी होतात त्यांना कैदी माफी म्हणतात. “माझी इतक्या दिवसांची माफी झाली,” असं ते सांगतात. संचित रजा, अभिवचन रजा, माफी, हे तिथले रोजचे शब्द. हा शब्द आला अरबीतून, आणि आपल्याकडे तो आधी महसुलात रुळला. सारा माफ, जमीन माफी. त्यात मोजमाप आहे, दप्तर आहे. दुसरा शब्द आपला क्षमा. संस्कृतात क्षमा म्हणजे पृथ्वी, जमीन. नांगरलं, खणलं तरी सोसून घेणारी. आमच्या सांगली-कोल्हापूरकडचे जैन शेतकरी पर्युषण संपताना एकमेकांच्या दारी जाऊन क्षमा मागतात. धाकट्याआधी थोरल्यानं हात जोडलेले मी पाहिले आहेत. माफी सरकारनं द्यायची, ती तात्यांना मिळाली होती, थोडे दिवस. क्षमा देणं सरकारच्या हाती नव्हतं.

ज्याच्या घरचा माणूस गेला, त्या घराचं काय, हा प्रश्न मी टाळत आलेली नाही. त्या घरची म्हातारी आमच्या शेजारच्याच आळीत राहायची. तिनं तात्यांना क्षमा करावी असं म्हणायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. तिनं कधी केली नाही, आणि तात्यांनी कधी मागितली नाही. मागायची रीतच कुणाला माहीत नव्हती. जुन्या गोतसभेनं निदान दोघांना एका जागी आणून बसवलं असतं. आमच्या कोर्टात त्या म्हातारीची साक्षही झाली नव्हती. खटला सरकार विरुद्ध तात्या असा होता. ती त्यात कुठेच नव्हती. धर्माच्या सभेचा जुलूम मी पाहिलेला आहे कागदांत. २०१६ मध्ये महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, वाळीत टाकणं हाच गुन्हा झाला, हे फार चांगलं झालं. पण पानाचा हक्क कायद्यानं कसा द्यावा? आमच्या भावकीनं तात्यांना वाळीत टाकलं नव्हतं. नुसतं मागनं जेवायला सांगितलं होतं.

स्वतंत्रपूरचं ठिकाण मी तात्यांना एकदाच सांगितलं, ते खूप म्हातारे झाल्यावर. म्हटलं, “तात्या, तिथं बायकोपोरांना ठेवून घेतात.” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमाला कुणी सांगितलं न्हाई.” काकू तोवर गेल्या होत्या.

तात्या गेले तेव्हा मी पुण्याहून गेले. तेराव्याला सगळी भावकी आली. अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, पत्रावळी मांडल्या, लापशी, आमटी, भात. पहिल्या ओळीच्या मध्यावर एक पान वाढून ठेवलं होतं, मोकळं. चुलतभाऊ म्हणाला, “हे तात्यांचं.” आणि सगळे त्या पानाच्या दोन्ही बाजूंना बसून जेवले.